डेल्बर्ट झेलेंकाचा डावा पाय

ब्रेझोव्यात गाडी जोरात हाकणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. नेब्रास्कातले रस्ते सरळ, शेते सपाट, आणि पुढच्या गावापर्यंत आडवे यावे असे काहीच नाही. तिथे वेगाचे कौतुक कोण करणार? गाडी हळू चालवणे मात्र निराळे. बँडच्या मागून, माणसाच्या चालीने, गचका न देता आणि इंजिन बंद पडू न देता गाडी नेणे गावात एकट्या डेल्बर्ट झेलेंकालाच जमते, असे सर्वमान्य होते. गावकरी मूळचे चेक वंशाचे; जुलैतल्या त्यांच्या उत्सवाच्या मिरवणुकीत दरवर्षी ज्याला मानकरी निवडत, तो डेल्बर्टच्या हिरव्या गाडीतूनच मिरवत असे. हा ठराव कधी कोणी मांडला नव्हता. तो आपोआप पडलेला पायंडा होता.

गाडी जुनी, विलायती बनावटीची, दोन माणसांपुरती. टप उतरवला की मागच्या डिकीच्या झाकणावर घडी घातलेली गोधडी टाकायची, मानकऱ्याने त्यावर बसायचे आणि पाय शेजारच्या सीटवर सोडायचे. अशा गाडीचा स्वभाव मिरवणुकीला अगदी उलटा असतो. फर्स्ट गिअरमध्ये नुसती सोडून दिली तरी ती ढोलवाल्यांच्या पुढे जाऊ बघते, आणि हाफ क्लचवर रेटत राहिले तर चौथ्या चौकात जळका वास सुटतो. डेल्बर्टची रीत अशी, की पुढे मोकळी जागा पडू द्यायची, मग क्लच पूर्ण सोडून गाडीला तेवढ्या जागेत आपल्या पायाने चालू द्यायचे, आणि बँडच्या पाठीशी पोहोचण्याआधी अलगद थांबायचे. इंजिन तापू नये म्हणून भर जुलैत तो हीटर पूर्ण उघडत असे. त्यामुळे मानकऱ्याच्या डोक्यावर ऊन आणि पायाखाली भट्टी अशी स्थिती होई. पण एका वर्षी बेकरीवाल्या म्हाताऱ्या बाई मांडीवर कोलाचांचे, म्हणजे गोड सारणाच्या चेक पावांचे, तबक घेऊन बसल्या होत्या आणि सबंध मिरवणुकीत त्यातला एकही जागचा हलला नाही, ही गोष्ट गावात अजून सांगितली जाते.

हा संथपणा डेल्बर्टकडे नोकरीतून आला होता. निवृत्त होईपर्यंत त्याने आसपासच्या शेतवस्त्यांवर टपाल वाटले. तिकडे गाडीचे चाक डावीकडे असते आणि पत्रपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, म्हणून टपालाच्या गाडीत तो उजव्या बाजूला सरकून बसे. डावा हात चाकावर, डावा पाय पेडलांवर, आणि उजव्या हाताने रस्त्याकडेच्या पेट्यांत पत्रे. उजव्या पायाला त्या काळात जवळजवळ रजाच होती. डाव्या पायाबद्दल त्याला जो अभिमान होता तो त्याने कोणाला बोलून दाखवला नव्हता; पण त्याची बायको अर्लीन त्याला नवे बूट घ्यायला नेई, तेव्हा तो आधी डावाच घालून बघे, हे तिच्या लक्षात आले होते.

जूनमधल्या एका संध्याकाळी फिलिस कोव्हार आली. ती गावातल्या बायकांचे केस कापते आणि उत्सव समिती चालवते. दोन्ही कामांत समोरच्याने मान हलवू नये अशी तिची अपेक्षा असते.

“डेल्बर्ट, बस,” ती म्हणाली.

“बसलोच आहे.”

“मग उठू नकोस. यंदाचा मानकरी तू.”

डेल्बर्टने अर्लीनकडे पाहिले. अर्लीन खिडकीबाहेर पाहत होती. म्हणजे तिला हे आधीच ठाऊक होते.

“मग गाडी कोण चालवणार?” त्याने विचारले.

“तुझ्याआधी ज्यांना ज्यांना सांगितलं ना, त्यातली निम्मी माणसं रडली होती. तू पहिलाच, गाडीचं विचारणारा.”

“मीच चालवतो. मानकरी मी, ड्रायव्हर मी. तुझं एक माणूस वाचलं.”

“मानकरी गाडी चालवत नसतो. मानकरी वर बसतो, हात मोकळे ठेवतो आणि लोकांकडं बघून हसतो. नियम आहे.”

“कुठं लिहिलाय?”

“माझ्या डोक्यात. आणि ते डोकं रविवारी विचारायला येईल. ड्रायव्हर मिळाला तर ठीक, नाहीतर रँडीची पांढरी गाडी आहे. ऑटोमॅटिक. ब्रेकवरचा पाय सैल केला की आपली आपण सरकते.” मग तिचा आवाज थोडा खाली आला. “खरं सांगू? एकदा मान रँडीच्या गाडीकडं गेला की परत येणार नाही. समितीत निम्म्या जणांना तीच हवी आहे. हीटर नसतो म्हणे तिच्यात.”

“हीटर असतो. लावत नाहीत.”

“तेच ते.”

ती गेल्यावर डेल्बर्ट बाहेर पायरीवर जाऊन बसला. मान नाकारावा असे त्याच्या मनाने घेतले होते. मान काय, आज आहे उद्या नाही. गाडी मात्र एकदा गॅरेजात राहिली की गावाच्या मिरवणुकीतून कायमची बाहेर.

“नाही म्हणायचा विचार करतोयस ना?” अर्लीनने मागून विचारले.

“तूच चालवली असतीस तर प्रश्नच नव्हता.”

अर्लीन लहानपणी वडिलांचा धान्याचा ट्रक चालवत मोठी झाली होती, आणि हिरव्या गाडीला हात लावू दिलेली ती एकटीच. पण वसंतात तिच्या डाव्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते, आणि डॉक्टरांनी क्लचला सक्त मनाई केली होती.

“मी दरवर्षी पोस्टासमोर खुर्ची टाकून बसते,” ती म्हणाली, “आणि मला तुझी फक्त टोपी दिसते. तू खाली मान घालून तो इंजिनच्या तापाचा काटा बघत असतोस. एकदा तुझं तोंड बघायचंय मला मिरवणुकीत. बहिणीला ओमाहाहून बोलावूनसुद्धा ठेवलंय. आता नाही म्हणालास तर तिला आणि मला, दोघींना तोंड द्यावं लागेल.”

तेव्हा ड्रायव्हर शोधणे भाग पडले. पहिला उमेदवार पुतण्या कर्टिस. तो पीक कापणीचे घराएवढे कंबाइन यंत्र चालवतो, शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतासारखे सरळ. पण ती सरळ रेघ वरचा उपग्रह ओढतो, कर्टिस खाली बसून सँडविच खातो. डेल्बर्टने मानकरी म्हणून गोधडीवर एक कलिंगड ठेवले आणि अंगणात चक्कर मारायला सांगितले. गाडीने पहिला गचका खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याला कलिंगड डिकीवरून घरंगळले आणि वाळूत फुटले.

“काका, हा क्लच फार हळवा आहे,” कर्टिस म्हणाला.

“क्लच हळवा नाही. तुझा पाय दगडाचा आहे.”

“मानकरी गोड निघाला पण,” एक फोड उचलत कर्टिस म्हणाला.

त्याच्यानंतर डेल्बर्टने आणखी कोणाला विचारले नाही. गावातल्या तरुणांना क्लच माहीत नव्हता आणि म्हाताऱ्यांचे गुडघे गेले होते. रविवारी प्रार्थना आटोपली की फिलिसला नकार कळवायचा, आणि अर्लीनला नंतर तोंड द्यायचे, असे ठरवूनच तो चर्चमध्ये गेला.

प्रार्थनेनंतर हॉलमध्ये कॉफी झाली. अर्लीन बहिणीच्या फराळाचे सामान आणायला गाडी घेऊन परस्पर गेली होती, आणि फिलिस भांडी आवरत असल्याने नकार अजून डेल्बर्टच्या खिशातच होता. तेवढ्यात फादर ओबिओरा जवळ आले.

“पापा डेल्बर्ट, मी तुमच्याच रस्त्याने एका आजारी बाईंकडे निघालोय. सोडू का घरी?” वडीलधाऱ्या माणसाला ते ‘पापा’च म्हणत.

हॉलमध्ये क्षणभर कपबश्यांचा आवाज थांबला. फादर ओबिओरा गेल्या हिवाळ्यात नायजेरियाहून या चर्चला आले, आणि पहिल्या बर्फापासून गावाचे त्यांच्यावर प्रेम जडले. त्यांचे प्रवचन थोडक्यात असे आणि हसणे लांबलचक. पण त्यांच्या गाडीत बसायला कोणी धजत नसे. प्रत्येक चौकात ती गाडी एकदम अशी दचकून थांबे की मागच्या सीटवरचा केक पुढच्या सीटवर येई. त्यांच्या देशात गाड्या असणार कुठून, असा गावाचा मायाळू निष्कर्ष होता. म्हणून कुठे जायचे असले की कोणीतरी त्यांना घ्यायला येई.

डेल्बर्टला नाही म्हणवेना. तो बसला आणि त्याने दाराचा दांडा पकडला.

पहिल्या थांब्याला त्याची टोपी काचेवर आदळली. दुसऱ्या थांब्याच्या आधी, आता काय होणार या धास्तीने, त्याने खाली पाहिले. आणि पाहतच राहिला. फादरांचा डावा पाय उचलला गेला, डावीकडे काहीतरी चाचपू लागला, ते तिथे नव्हते, म्हणून होता तो रुंद ब्रेक त्याने तळापर्यंत दाबला. त्याच क्षणी उजवा हात मांडीजवळ उतरला आणि हवेतल्या एका गोल मुठीवर मिटला.

गाडी दचकून थांबली. मागून कोणी येत नव्हते.

“फादर,” डेल्बर्ट सावकाश म्हणाला, “तुमचा डावा पाय काय शोधतोय?”

फादरांनी आधी पायाकडे आणि मग डेल्बर्टकडे पाहिले. “जुनी ओळख.”

“गाडी कुठं शिकलात?”

“लागोसला. मामाची पावाची बेकरी होती. त्यांची डिलिव्हरीची गाडी मी चालवायचो, पाद्री व्हायच्या शिक्षणाला जाईपर्यंत. सकाळी पुलावर चढायचं, दुपारी उतरायचं. फर्स्ट, न्यूट्रल, फर्स्ट, न्यूट्रल. सेकंड गिअर म्हणजे सणाचा दिवस.”

“आणि पाव?”

“ताजा पाव, पापा. गचका बसला की चेंगरलाच. मग मामा तो मलाच खायला लावायचे. पहिल्या महिन्यात मी फार जाड झालो. नंतर बारीक झालो.”

डेल्बर्टने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. सबंध गावाने सहा-सात महिने ज्याला अडाणी चालक समजून सांभाळून घेतले, त्याचा पाय निव्वळ क्लचवाचून बेकार बसला होता. आणि हे ओळखणारा पाय गावात दुसरा एकच होता, डेल्बर्टचा. अर्लीनच्या ऑटोमॅटिक गाडीत त्याचेही हेच होई, म्हणून ती त्याला चाकावर बसू देत नसे.

“मग कोणाला सांगितलं का नाहीत?”

“विचारलं कोणी? फिलिसबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात गाडीचं दार कसं उघडायचं ते दाखवलं. इतक्या मायेनं दाखवलं, की मी आणखी एकदा दाखवायला सांगितलं.” फादर हसले. “शिवाय मला घ्यायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही. कोणी भाजलेली कोंबडी आणतं, कोणी खसखशीचे कोलाच. ही थाप मी मारलेली नाही. पण खोडलीही नाही, हे खरं. त्याची कबुली मी बिशपांपुढं देऊन आलोय.”

“काय म्हणाले?”

“कोलाच आहेत का शिल्लक, म्हणून विचारलं.”

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या दफनभूमीत सराव सुरू झाला. तिथला खडीचा रस्ता मिरवणुकीच्या रस्त्याइतकाच अरुंद, आणि तिथले रहिवासी चुगली करणाऱ्यातले नव्हते. गोधडीवर नवे कलिंगड बसवले. अर्लीनला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेच होते. ती काठी टेकत पुढे चालू लागली आणि बँड झाली.

फादरांनी डावा पाय क्लचवर ठेवला, डोळे क्षणभर मिटले आणि सोडला. गाडी निघाली हे डेल्बर्टला खडीच्या आवाजावरून कळले. कलिंगड कलले नाही. दहा-बारा थडगी मागे पडली, तरी कलले नाही. डेल्बर्टने एवढे सुख बऱ्याच दिवसांत भोगले नव्हते, आणि म्हणूनच त्याने लगेच चूक काढली.

“फार जवळ जाताय. तिच्या टाचेला लागेल. जागा सोडा पुढं.”

“जागा?” फादरांना ही कल्पनाच नवी होती. “लागोसला पुढं जागा सोडली तर तीत तीन गाड्या आणि एक शेंगदाणेवाला शिरतो.”

“इथं कोणी शिरत नाही.”

“मग ती भरायची घाई कोणालाच नसते?”

“फिलिसला असते. तिच्याकडं बघायचं नाही.”

हळूहळू फादरांना जागा सोडण्याची चटक लागली. पण डेल्बर्टचे बोलणे काही थांबेना. क्लच आता, जरा उशीर झाला, अजून थोडा, आता पुरे. त्याचा स्वतःचा डावा पाय शेजारी बसल्या बसल्या फळीवर दाबत असे, उचलत असे.

“पापा, पाव चेंगरलेला नाही,” फादर शांतपणे म्हणत.

“फादर, त्याला एकदा मागं कलिंगडाच्या जागी बसवून बघा,” अर्लीन पुढून ओरडली. “कलिंगड निदान गप्प बसतं.”

ड्रायव्हर कोण हे डेल्बर्टने फिलिसला सांगितले, तेव्हा तिने हातातली कात्री खाली ठेवली. “मानकऱ्याला मारून टाकायची आपल्याकडं पद्धत नाही,” ती म्हणाली. डेल्बर्टने सांगितलेली पावाची हकिगत तिने ऐकून घेतली. विश्वास ठेवला असे म्हणवत नाही. रँडीने आपली पांढरी गाडी रेल्वे फाटकापाशी तयार ठेवावी, आणि पहिला गचका बसला की मानकऱ्याला उचलून तीत बसवावे, अशी तिने व्यवस्था केली. गावात चहूकडून डेल्बर्टला विचारणा होऊ लागली, की मृत्युपत्र केले आहे ना, गोधडी जाड घेतली आहेस ना, कर्टिसला शेत कोणते देणार.

मिरवणुकीच्या सकाळी ऊन लवकर चढले. सर्वांत पुढे झेंडे, मग शाळेचा बँड, मग हिरवी गाडी, आणि मागे जुन्या ट्रॅक्टरांची रांग. डेल्बर्ट अर्लीनने भरतकाम केलेल्या तांबड्या जाकिटात वर बसला. फादरांनी पांढऱ्या कॉलरवर गवती हॅट घातली होती. त्यांनी हीटर पूर्ण उघडला आणि पायांवर गरम झोत येताच खुशीत म्हणाले, “घरी आल्यासारखं वाटतंय.”

फादरांनी गाडी सुरेख काढली. पण मानकरी म्हणून डेल्बर्ट दयनीय होता. दोन्ही हातांनी त्याने सीटची पाठ घट्ट धरली होती. मान वाकवून तो तापाचा काटा शोधत होता. आणि त्याचा डावा पाय शेजारच्या सीटची गादी दाबत होता, उचलत होता, दाबत होता. दोन्ही बाजूंना लोक खुर्च्या टाकून बसले होते. ते त्याला दिसतच नव्हते.

“डेल्बर्ट, हात हलव की. मोडलाय का?”

“फादर, माझी आई पुढच्या चौकात बसलीय, तेवढं जपून.”

“आता थोडं थांबा,” डेल्बर्ट वरून म्हणत होता. “आता सोडा. काटा कुठं आहे?”

“काटा आहे तिथंच आहे, पापा.”

पोस्ट जवळ आले. अर्लीन बहिणीशेजारी खुर्चीत बसली होती. तिने हाक मारली. डेल्बर्टने वर पाहिले नाही. पुढे फाटकाचा चढ दिसू लागला होता. रूळ तिथे रस्त्याहून उंच आहेत, आणि रुळांपलीकडे वृद्धाश्रम. बँड दरवर्षी तिथे थांबतो आणि म्हाताऱ्यांसाठी एक पोल्का, नाचाची जुनी चेक धून, वाजवतो. म्हणजे मानकऱ्याची गाडी बरोबर चढावर अडकते, नाक आभाळाकडे करून.

यंदाही तसेच झाले. फादरांनी हँडब्रेक ओढला. मागे पहिल्या ट्रॅक्टरचे मोठे नाक डेल्बर्टच्या पाठीशी धापा टाकत होते. फाटकाच्या कडेला रँडी आपल्या पांढऱ्या गाडीत बसला होता, आणि फिलिस गोल्फच्या छोट्या गाडीतून मिरवणुकीच्या कडेकडेने फिरत ओरडत होती, “अंतर कमी करा, अंतर.”

पोल्का संपला. बँड चालू लागला. फादर मान किंचित कलती करून इंजिनाचा आवाज ऐकत होते. क्लच वर येत होता, आवाज जड होत होता, आता अगदी क्षणाचाच अवकाश होता. आणि तेवढ्यात डेल्बर्टने वाकून त्यांच्या खांद्यावर थाप मारली. “सोडा. सोडा आता.”

वडिलकीच्या माणसाने सांगितले की ऐकायचे, हे फादरांच्या हाडात मुरलेले होते. त्यांनी क्लच सोडला. हिरवी गाडी एक उडी मारून बंद पडली. डेल्बर्ट मागे उलटला आणि डिकीच्या झाकणावर पाठ टेकून, पाय वर करून, आभाळ पाहू लागला.

हिरवी गाडी मिरवणुकीत बंद पडल्याचे ब्रेझोव्याने कधी पाहिले नव्हते. दोन्ही बाजूंची माणसे खुर्च्यांवरून उठली. रँडीने आपली गाडी सुरू केल्याचा मऊ आवाज आला. फिलिस येऊन पोहोचली.

“फादर,” ती अत्यंत प्रेमाने म्हणाली, “तुमची काही चूक नाही. सवय नसली की असं होतं. डेल्बर्ट, उतर. रँडी थांबलाय.”

डेल्बर्ट उठून बसला. फादरांच्या खांद्यावर थाप पडलेली फार जणांनी पाहिली नव्हती. तो उतरून पांढऱ्या गाडीत बसला असता तर गावाने फादरांना माफ केले असते, हिरव्या गाडीला निरोप दिला असता, आणि डेल्बर्टचा डावा पाय शेवटपर्यंत निर्दोष राहिला असता.

“त्यांनी नाही बंद पाडली, मी पाडली,” तो म्हणाला, आणि मागच्या ट्रॅक्टरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “त्यांचा पाय बरोबर होता. मी मध्ये तडमडलो.”

“वर बसून गाडी कशी बंद पाडलीस?” फिलिसने विचारले.

“सवय लागते त्याला.”

फादर वळून त्याच्याकडे पाहत होते. “पापा,” ते म्हणाले, “ही गाडी एकाच डाव्या पायानं चालते. तुमच्या की माझ्या, तेवढं ठरवा. मी काही रागावणार नाही.”

डेल्बर्टने आपल्या पायाकडे पाहिले. त्याने अख्ख्या मुलखाची पत्रे ज्याच्या जोरावर वाटली तो पाय गादीत टाच रुतवून अजून तयारीत होता. डेल्बर्टने तो दोन्ही हातांनी उचलला, गुडघ्यात दुमडला आणि स्वतःच्या बुडाखाली घालून त्यावर बसला.

“तुमच्या,” तो म्हणाला.

फिलिस बाजूला झाली. फादरांनी इंजिन सुरू केले, कान दिला, हँडब्रेक उतरवला. डेल्बर्ट गचक्याची वाट पाहत राहिला. तो आला नाही. फाटकाचा पट्टेदार खांब मागे सरकताना दिसला तेव्हा कुठे त्याला कळले की आपण चढ ओलांडून रुळांवर आलो आहोत.

आता करण्यासारखे काहीच उरले नाही. पाय अडकलेला, काटा दिसत नाही, आणि हात रिकामे. रिकाम्या हातांचे काय करावे हे न समजून डेल्बर्टने एक वर केला. वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यातून दहा-वीस हात उत्तरादाखल वर आले, आणि त्यांतला प्रत्येक हात त्याच्या ओळखीचा निघाला. ही सगळी माणसे त्याने एकेकटी पाहिली होती, आपापल्या पेटीपाशी, धुळीत नाहीतर बर्फात. अशी ओळीने, धुतलेल्या कपड्यांत, सगळी एकदम कधी पाहिली नव्हती.

“डेल्बर्ट, माझं मासिक तू आधी वाचून मग टाकायचास,” एक म्हातारा ओरडला.

“एकदा कोडं सोडवून टाकलं होतं. चुकीचं सोडवत होतास तू.”

“मांडी घालून का बसलायस? बुद्ध झालास का?”

“पायाला शिक्षा केलीय.”

“फादर, मला उद्या दवाखान्यात सोडाल का?” एका बाईने विचारले. फादरांनी हॅट उचलली आणि दुःखाने मान हलवली. कोलाचांचे दिवस भरले, हे त्यांनी तिथेच ओळखले.

मिरवणूक हॉलपाशी संपली. आत भाजलेले डुकराचे मांस, डंपलिंग आणि आंबट कोबीची पातेली उघडली जात होती, अकॉर्डियनवाले खुर्च्या जुळवत होते. क्लचचा वास येत नव्हता. डेल्बर्टने बुडाखालचा पाय मोकळा केला. त्याला पुरत्या मुंग्या आल्या होत्या. फादरांनी इंजिन बंद करून किल्ली त्याच्यापुढे धरली.

“घ्या पापा. तुमची गाडी.”

डेल्बर्टने किल्ली घेतली नाही. तो मागे वळून रस्त्याकडे पाहत होता.

“फादर, फाटकाच्या अलीकडची माणसं मी पाहिलीच नाहीत.”

“ती आता घरी निघाली असतील.”

“मग वाटेत भेटतील. अर्लीन पोस्टापाशी असेल अजून. तिला लगेच उठवत नाही.”

“डेल्बर्ट, मिरवणूक संपली,” फिलिस हॉलच्या दारातून म्हणाली. “जेवण निवतंय.”

“तुझी संपली. तू सुरू कर वाढायला.”

फादरांनी किल्ली पुन्हा फिरवली. बँड नाही, झेंडे नाहीत, पुढे अडवायला कोणी नाही, तरी गाडी माणसाच्याच चालीने निघाली. फाटकापाशी रँडी आपल्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर बसून सरबत पीत होता. त्याने पेला उंचावला. रस्त्यावर लोक घड्या घातलेल्या खुर्च्या आणि बर्फाच्या पेट्या उचलून चालले होते. हिरवी गाडी उलट दिशेने परत येताना पाहून ते थांबले. काही हसले, एकाने टोपी फेकली, आणि बेकरीसमोरच्या एका कुटुंबाने खुर्च्या खाली ठेवून पुन्हा उघडल्या.

पोस्टासमोर अर्लीन काठी टेकून उभी राहत होती. डेल्बर्टने दोन्ही हात वर केले.

“थांबू का?” फादरांनी विचारले.

“नको,” डेल्बर्ट म्हणाला. “आणखी हळू घ्या.”